पुडा तोच, माल कमी

१. भावाला दोन आकडे असतात

कापूस विकायला नेला की शेतकरी काय करतो? भरलेली गाडी काट्यावर चढते. कापूस उतरला की रिकामी गाडी पुन्हा चढते. दोन्ही वेळा शेतकरी आकड्यावर डोळा ठेवून उभा असतो. व्यापाऱ्याने भाव चांगला सांगितला, एवढ्यावर तो घरी येत नाही. क्विंटलला रुपये किती, आणि माल भरला किती, हे दोन्ही तो पाहतो. काटापट्टीवर दोन्ही आकडे लिहून घेतो. त्यातला एक जरी चुकला तरी वर्षाची मेहनत पाण्यात जाते.

तोच शेतकरी संध्याकाळी किराणा दुकानात जातो. दहा रुपये देतो, पुडा घेतो आणि घरी येतो. पुड्यात माल किती, हे तो विचारत नाही. विकताना दोन आकडे आणि घेताना एकच!

भाव म्हणजे नुसते रुपये नव्हेत. किती रुपयांना किती माल, याचे नाव भाव. रुपये वाढले तर भाव वाढतो. हे सगळ्यांना कळते. पण रुपये तेवढेच ठेवून माल कमी केला, तरीही भाव वाढतोच. हे मात्र चटकन ध्यानात येत नाही. अशा वाढीला आपण छुपी भाववाढ म्हणू. आजचा धडा तिच्यावर आहे.

२. साबण लवकर का सरला?

सिंदी मेघे हे गाव वर्धा शहराला अगदी लागून आहे. गावात शेतकरी, मजूर, नोकरदार सारेच राहतात. अशाच एका घरात सासू-सुनेचे बोलणे चालले आहे असे समजा. भांडी घासायचा साबण सरला आहे.

सासू म्हणाली, “काहून वं, मागं हा साबण पुरा महिना जाये. आता सत्तावीस दिवसांतच सरला. भांडे घासते का साबण पाण्यात सोडते?”

सून म्हणाली, “नाही जी आत्याबाई. मी तं तेवढाच लावते. भांडेही तेवढेच हायेत.”

“मंग साबण गेला कुठं? उंदरानं खाल्ला का?”

सुनेला वाईट वाटले. तिने कपाट उघडले. साबणाचा एक जुना कागद खणात अंथरलेला होता. तिने तो काढला. आजच्या साबणाचा कागदही जवळ घेतला. ती नुकतीच वाचायला शिकली होती. दोन्ही कागदांवर तिने आकडे शोधले. रुपयांचा आकडा दोन्हींवर एकच होता, १०. वजनाचा आकडा मात्र वेगळा निघाला. जुन्या कागदावर १५५ ग्रॅम. नव्या कागदावर १३५ ग्रॅम.

“आत्याबाई, हे पाहा. साबणच वीस ग्रॅम कमी आला.”

सासूने कागद हातात घेतले. उलटेसुलटे पाहिले. मग म्हणाली, “अन् पैसे तं तेवढेच घेतले! अन् मी तुलेच बोल लावत होतो बाई.”

आता हिशेब पाहा. १५५ ग्रॅमचा साबण ३१ दिवस पुरत होता. म्हणजे रोज ५ ग्रॅम साबण लागे. आता साबण १३५ ग्रॅमचा आहे. रोज ५ ग्रॅमप्रमाणे तो २७ दिवसच पुरणार. सून उधळी नव्हती. तिचा हात होता तेवढाच होता. साबण लहान झाला होता.

छुपी भाववाढ अशी दोन प्रकारे नडते. पैसे जातात ते जातातच. वर घरातल्या माणसांचा एकमेकांवर संशय येतो. साखर लवकर सरली, तर पोरांनी खाल्ली असे आपण म्हणतो. तेल लवकर सरले, तर भाजीत जास्त ओतले असे म्हणतो. पिशवीतच कमी आले असेल, हे कोणाच्या मनात येत नाही.

३. खरी बातमी, खरे आकडे

वरची गोष्ट समजावण्यासाठी रचलेली आहे. पण तिच्यातले आकडे खऱ्या बातमीतले आहेत. २०२२ सालच्या मे महिन्यात वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. व्हिम या भांडी घासायच्या साबणाची दहा रुपयांची वडी १५५ ग्रॅमची होती, ती १३५ ग्रॅमची झाली. हल्दीरामच्या आलू भुजियाचा दहा रुपयांचा पुडा ५५ ग्रॅमचा होता, तो ४२ ग्रॅमचा झाला.

रुपये दहाच राहिले. मग खरा भाव किती वाढला? तो काढायची रीत सोपी आहे. असे विचारा : आधी मिळत होता तेवढाच माल आज घ्यायचा, तर किती पैसे पडतील?

रीत अशी. जुन्या वजनाला किमतीने गुणा. आलेल्या आकड्याला नव्या वजनाने भागा.

भुजिया : ५५ गुणिले १० म्हणजे ५५०. ५५० भागिले ४२ म्हणजे १३ रुपयांहून थोडे जास्त.

साबण : १५५ गुणिले १० म्हणजे १,५५०. १,५५० भागिले १३५ म्हणजे सुमारे साडेअकरा रुपये.

दहाचा पुडा तेरा रुपयांचा झाला, असे दुकानदाराने सांगितले असते तर आपण काय केले असते? “इतका महाग काहून जी?” असे विचारले असते. कोणी पुडा परत ठेवला असता. कोणी दुसरा घेतला असता. पण दहाचा पुडा दहालाच मिळाला. म्हणून कोणी काही विचारले नाही.

गुणाकार-भागाकार जमत नसेल, तर मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर वापरा. नाहीतर शाळेत जाणाऱ्या मुलाला बसवा. त्याचाही अभ्यास होईल.

४. कंपन्या असे का करतात?

कारण समजून घेऊ. उगाच कोणावर राग धरू नये.

पुड्यात जो माल असतो, त्याचा खर्च वाढतो. २०२२ साली असेच झाले. फेब्रुवारीत रशिया आणि युक्रेन यांची लढाई सुरू झाली. युक्रेनमधून सूर्यफुलाचे तेल परदेशी जाई, ते अडले. एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेल बाहेर पाठवणे काही आठवडे बंद ठेवले. आपल्या देशात पामतेल फार येते. बिस्किटे, फरसाण, साबण या सगळ्यांत ते लागते. लढाई तिकडे, आणि पुडा लहान झाला इकडे.

खर्च वाढला की कंपनीपुढे दोन वाटा असतात. एक, किंमत वाढवणे. दुसरी, माल कमी करणे. मोठ्या पुड्याची किंमत वाढवता येते. लहान पुड्याची वाढवणे अवघड जाते. पाच, दहा, वीस ही नाणी आणि नोटा लोकांच्या हातात असतात. पोराला दहाचे नाणे देऊन दुकानात धाडतात. पुडा अकरा रुपयांचा केला तर सुट्ट्या रुपयाची अडचण येते. गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. म्हणून कंपनी किमतीला हात लावत नाही. ती वजनाला हात लावते.

याचा अर्थ असा की लहान पुडे घेणाऱ्यालाच छुपी भाववाढ जास्त सोसावी लागते. आणि लहान पुडे कोण घेतो? ज्याला रोजची मजुरी रोज मिळते तो घेतो. महिन्याचा किराणा एकदम भरायला त्याच्या गाठीला पैसे नसतात. म्हणून हा धडा त्याच्या सर्वांत जास्त कामाचा आहे.

कधी उलटही घडू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, अंगाचा साबण, दातांची पेस्ट अशा वस्तूंवरचा कर सरकारने १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. कर कमी झाला, तर किंमत उतरायला हवी. किंमत तीच राहिली, तर पुड्यात माल वाढायला हवा. तो वाढला की नाही, हेही वजन वाचल्याशिवाय कळणार नाही.

५. खताची गोणी

आता शेतातले उदाहरण घेऊ.

युरियाची गोणी आधी ५० किलोची असे. २०१८ सालच्या मार्च महिन्यापासून ती ४५ किलोची झाली. शेतकरी खत किलोने मोजत नाही, गोणीने मोजतो. एकराला एक गोणी, असा त्याचा हिशेब असतो. गोणी लहान केली तर युरिया कमी पडेल, आणि गरजेपेक्षा जास्त युरिया टाकायची सवय मोडेल, असा सरकारचा विचार होता.

गोणी लहान झाली. मग ही छुपी भाववाढ झाली का? पाहू. ५० किलोच्या गोणीची किंमत २६८ रुपये होती. ४५ किलोच्या गोणीची २४२ रुपये ठरली. या दोन्ही किमती कर आणि कडुनिंबाच्या लेपाचा खर्च सोडून आहेत. आता भागा. २६८ भागिले ५० म्हणजे किलोला ५ रुपये ३६ पैसे. २४२ भागिले ४५ म्हणजे किलोला सुमारे ५ रुपये ३८ पैसे. दोन पैशांचाच फरक. माल कमी झाला, तशी किंमतही कमी झाली. गोणी बदलली, पण भाव जवळजवळ तोच राहिला. असा बदल सांगून-सवरून झाला, म्हणून त्याला छुपी भाववाढ म्हणता येत नाही.

पुढे युरिया गोल्ड नावाचे खत आले. या युरियावर गंधकाचा लेप असतो. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने त्याची किंमत ठरवली. ४० किलोची गोणी, कर धरून २६६ रुपये ५० पैसे. कडुनिंबाचा लेप असलेल्या ४५ किलोच्या गोणीचीही तेव्हा हीच किंमत होती. म्हणजे एका गोणीत किलोला सुमारे ५ रुपये ९२ पैसे पडतात, दुसरीत ६ रुपये ६६ पैसे.

पण इथे घाईने बोलू नये. दोन्ही गोण्यांतला माल एक नाही. साध्या युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. युरिया गोल्डमध्ये शेकडा ३७ भाग नत्र आणि १७ भाग गंधक असते. ४५ किलोच्या गोणीतून पिकाला २० किलो ७०० ग्रॅम नत्र मिळते. ४० किलोच्या गोणीतून १४ किलो ८०० ग्रॅम नत्र आणि ६ किलो ८०० ग्रॅम गंधक मिळते. आपल्या जमिनीला काय हवे, ते माती तपासून कळते. सोयाबीनला गंधक लागतेही. पण “एक गोणी म्हणजे एक गोणी” असे धरून चाललो, तर खताचे प्रमाण चुकते.

म्हणून गोण्या मोजू नका. किलो मोजा.

६. पुड्यावर काय वाचायचे?

पुड्यावर रंगीत चित्रे असतात. मोठी मोठी अक्षरे असतात. ती कंपनीला सांगायची असतात. आपल्याला कामाची अक्षरे बहुधा मागच्या बाजूला, बारीक छापलेली असतात. ती तीन आहेत.

पहिले, निव्वळ वजन. म्हणजे पुड्याचा कागद, डबा सोडून आतल्या मालाचे वजन. पुड्यावर हे बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत असते. इंग्रजी येत नसले तरी अडत नाही. आकडा शोधा. आकड्यापुढे इंग्रजी ‘जी’ अक्षर असेल तर ते ग्रॅम. ‘के’ आणि ‘जी’ ही दोन अक्षरे असतील तर ते किलो. ‘एम’ आणि ‘एल’ असतील तर मिलिलिटर. ही चार अक्षरे ओळखायला एक दिवस पुरतो.

दुसरे, जास्तीत जास्त किरकोळ किंमत. तिलाच एमआरपी म्हणतात. तिच्यात सगळे कर धरलेले असतात. तिच्यापेक्षा एक पैसाही जास्त घेता येत नाही. कमी घेता येतो.

तिसरे, एकक किंमत. म्हणजे एका ग्रॅमला किंवा एका किलोला पडणारा भाव. २०२१ सालच्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने अधिसूचना काढून ही किंमत छापणे बंधनकारक करायचे ठरवले. पुड्यात एक किलोपेक्षा कमी माल असेल तर ग्रॅमचा भाव असतो. जास्त असेल तर किलोचा असतो. पुड्यावर ०.१८ लिहिले असेल तर ग्रॅमला १८ पैसे. ०.२४ असेल तर ग्रॅमला २४ पैसे. दहा रुपयांत ५५ ग्रॅम भुजिया मिळे, तेव्हा ग्रॅमला १८ पैसे पडत. ४२ ग्रॅम मिळू लागला, तेव्हा २४ पैसे पडले. हा एक आकडा वाचला की गुणाकार-भागाकार करायचेही काम नाही.

याच अधिसूचनेने आणखी एक बदल केला. त्याआधी बिस्किटे, चहा, मीठ, पीठ, खाद्यतेल, साबण अशा १९ वस्तूंची वजने नियमाने बांधलेली होती. तेलाची पिशवी अर्धा किलो, एक किलो अशा ठरलेल्या मापातच विकावी लागे. ती यादी रद्द करण्याचे ठरले. कंपन्यांना वजनाची मोकळीक मिळाली, म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात एकक किंमत दिली. पण ती वाचली तरच उपयोगी. न वाचणाऱ्याची जुनी सोयही गेली आणि नवीही मिळाली नाही.

७. लिटर म्हणजे किलो नव्हे

तेल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर सोयाबीन तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते, किलो भरत नाही. पिशव्या मात्र दिसायला सारख्याच असतात.

समजा, दुकानात दोन पिशव्या आहेत. एक ९१० ग्रॅमची, १५० रुपयांना. दुसरी ८०० ग्रॅमची, १४० रुपयांना. आपण म्हणतो, दहा रुपये वाचले, दुसरी द्या. आता हिशेब करा. पहिलीत १०० ग्रॅमला सुमारे साडेसोळा रुपये पडतात. दुसरीत साडेसतरा रुपये पडतात. स्वस्त दिसली ती महाग निघाली.

माप बदलले की भाव समजायला वेळ लागतो, हे नवे नाही. जुन्या माणसांना शेराचे माप माहीत आहे. शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात टप्प्याटप्प्याने किलो आला. किलोचा भाव शेरापेक्षा जास्त असणारच, कारण मापच मोठे. शेराचे गणित लोकांनी किलोत बसवले. मग ग्रॅमचे गणितही आपल्याला अवघड नाही.

८. चूक कोणाची, गुन्हा कोणता?

पूर्वी दुकानदार दांडी मारतो की काय, याची भीती असे. आता पुडा कारखान्यातच बंद होऊन येतो. दुकानदार त्यातला एक दाणाही काढू शकत नाही. म्हणून पुडा लहान झाला तर दुकानदाराशी भांडू नये. तोही आपल्यासारखाच गिऱ्हाईक आहे.

तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखा.

एक. पुड्यावर ४२ ग्रॅम छापले आहे आणि आत ४२ ग्रॅमच आहे. कायद्याने हा गुन्हा नाही. इथे आपले हत्यार एकच. वाचून घेणे, नाहीतर न घेणे.

दोन. पुड्यावर १०० ग्रॅम छापले आहे आणि आत ठळकपणे कमी भरते. ही फसवणूक आहे. २००९ च्या वैधमापन कायद्याप्रमाणे हा गुन्हा आहे. वैधमापन विभागाकडे तक्रार करावी.

तीन. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले. हाही गुन्हा आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीसाठी १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. ती सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पावती आणि पुडा दोन्ही जपून ठेवा.

पहिली गोष्ट गुन्हा नसली, तरी ती उघडपणे सांगावी, असे काही देशांना वाटले. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना नियम लागू झाला. माल कमी करून भाव वाढवला असेल, तर तशी पाटी त्या वस्तूजवळ दोन महिने लावावी लागते. गिऱ्हाइकाला न सांगता वजन घटवू नये, एवढीच मागणी आहे. ती रास्त आहे.

९. आपण काय करावे?

घरात एक वही ठेवा. तिला वजनाची वही म्हणा. नेहमी लागणाऱ्या दहा वस्तू लिहा. समोर तारीख, वजन आणि किंमत लिहा. नवा पुडा आला की जुन्या ओळीशी ताडून पाहा. वही नको असेल तर जुना कागद जपून ठेवा. त्या सुनेला त्यानेच वाचवले.

मोठा पुडा नेहमी स्वस्त पडतो, असे धरू नका. पुष्कळदा पडतो, पण नेहमी नाही. एकक किंमत पाहूनच ठरवा.

बचत गटाच्या बायांनी मिळून माल आणता येतो. डाळ, साखर, पोहे पोत्याने घ्यावे आणि आपल्या काट्यावर वाटून घ्यावे. मुंबई ग्राहक पंचायत ही संस्था १९७५ साली सुरू झाली, ती याच रीतीने. घराघरांनी गट केले, माल एकदम घेतला आणि आपसात वाटला. शहरात जमले ते गावात अधिक सोपे आहे. इथे सगळे एकमेकांना ओळखतात.

आणि एक सांगणे. ज्याला वाचता येते, त्याने शेजारच्या म्हाताऱ्या माणसाचा पुडाही वाचून द्यावा. त्याला वेळ लागत नाही.

लक्षात ठेवा

किंमत तीच आणि माल कमी, म्हणजे भाव वाढलाच.
आधी वजन वाचा, मग किंमत वाचा.
गोणी मोजू नका, किलो मोजा.
घरच्या माणसावर ठपका ठेवण्याआधी पुडा वाचा.

हिशेब करा

१. चहाचा दहा रुपयांचा पुडा ३० ग्रॅमचा होता. आता तो २५ ग्रॅमचा आहे. पूर्वीइतकाच चहा आज किती रुपयांना पडेल?

२. एका पुड्यात २०० ग्रॅम पोहे ३० रुपयांना आहेत. दुसऱ्यात ५०० ग्रॅम ८० रुपयांना आहेत. स्वस्त कोणता?

३. आपल्या घरातले तीन पुडे घ्या. प्रत्येकावर निव्वळ वजन, किंमत आणि एकक किंमत शोधा. वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.

उत्तरे : १. बारा रुपये. २. लहान पुडा स्वस्त. त्यात १०० ग्रॅमला १५ रुपये पडतात, मोठ्यात १६ रुपये.

शब्दांचे अर्थ

निव्वळ वजन : कागद, डबा सोडून नुसत्या मालाचे वजन.
एकक किंमत : एका ग्रॅमचा, किलोचा किंवा लिटरचा भाव.
काटापट्टी : माल मोजल्यावर मिळणारी वजनाची चिठ्ठी.
नत्र : पिकाच्या वाढीला लागणारा खतातील एक घटक.
वैधमापन : वजने आणि मापे खरी ठेवण्याचे सरकारी काम.